खुर्चीवरची टोपी

नेव्याना, आपल्या दवाखान्यात आता नवी काच बसवली आहे, जाड. फरशीच्या सांध्यांतून तुझ्या रक्ताचे डाग मात्र गेलेले नाहीत. लोक म्हणतात, नेव्याना बावळट होती. बावळट कसली! मार खाऊन खाऊन थकली होतीस, एवढंच. एकदा कुणीतरी लोकांना नीट सांगायला हवं, म्हणून इथल्या फरश्या पुसणारी मीच त्यांना सांगते.

दान्यूबकाठच्या या गावात नेव्याना रांग सांभाळायची. आपल्या बल्गेरियात रांग म्हणजे उभं राहणं नव्हे. आत यायचं, "शेवटचं कोण?" असं ओरडायचं, आणि जो हात वर करील त्याच्यामागे आपला नंबर. खुर्चीवर टोपी ठेवली की खुशाल बाहेर जावं; टोपी म्हणजे तो माणूसच. "मला फक्त एकच विचारायचंय," म्हणत कुणी मध्ये घुसला की हातघाई. काठ्या चालायच्या, झिंज्या उपटल्या जायच्या, आणि मध्ये पडणाऱ्या नेव्यानाला दोन्हीकडून बसायचे. एका बाईने थर्मास हाणून तिचे पुढचे दात पाडले.

मग बिल्ले आले. बिल्ला गळ्यात घातला की माणूस पडद्यावर ठिपका होऊन दिसे. कोण कुठे बसलाय, कुठली खोली रिकामी झाली, सगळं. पुढच्याला हाकही पडदाच मारी. नेव्याना काचेमागे बसू लागली.

"आता मारा म्हणावं पडद्याला!" नवी कवळी दाखवत ती हसायची.

एक दिवस छातीत कळ येते म्हणून गांचो नावाडी आला. त्याचा मुलगा कामेन गाडी लावून आत आला, तर बाप दिसेना.

"मावशी, बाबा कुठायत?"

नेव्यानाने मान वर केली नाही. "तिसरी खुर्ची. हा बघ ठिपका. मस्त बसलाय, तू कशाला तडफडतोस?"

तिसऱ्या खुर्चीत टोपी होती. टोपीत बिल्ला.

कामेनने तीच खुर्ची काचेवर घातली. केसांना धरून त्याने नेव्यानाला फुटक्या काचेतून ओढून काढलं. कपाळापासून डोळ्यापर्यंत मांस उघडं पडलं. "कुठंय माझा बाप? बोल, रांडे!" शब्दागणिक गुद्दा. कुणी उठलं नाही. उठलं आणि पडद्याची हाक चुकली तर नंबर गेला असता.

तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. "मला मागाहून मार, मुडद्या! आधी संडासात बघ!"

दार आतून बंद. कामेनच्या लाथांनी बिजागरी उखडली. गांचो भिंतीशी निळा पडलेला. नेव्याना गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याची छाती दाबू लागली. कडकन बरगडी मोडली.

"मारतेस काय त्याला?" कामेनने तिच्या पाठीत बूट घातला. ती दाबतच राहिली. दुसरी मोडली. तिचं रक्त म्हाताऱ्याच्या तोंडावर ठिबकत होतं. शेवटी गांचो ओकला, आणि त्याने श्वास घेतला.

बाप वाचला. नेव्यानाचा डावा डोळा गेला.

गांचोने इस्पितळातून निरोप धाडला, "त्या भवानीला म्हणावं, बरगड्या माफ. टोपी कुठंय माझी?"

टोपी तूच उचलून ठेवली होतीस. "दोघी जाऊन देऊ," म्हणालीस, "एकटी गेले तर दारात कामेन असायचा." शनिवार ठरला. शुक्रवारी तू मुलीकडे स्पेनला निघून गेलीस, आणि टोपी माझ्या दाराच्या कडीला. मी एकटी जाणार नाही. म्हातारा उघड्या डोक्याने नदीवर हिंडतो.