बावड्यातल्या बांबूचा बहार

फोटोत बांबूला फुलोरा आला होता आणि खाली मजकूर होता, 'बाई, बहार धरला. आता तरी जेवायला या.' पाठवणारे रशीदभाई, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचे बांबूचे व्यापारी. टोमॅटोला काठ्या, मांडवाला वासे, रंगाऱ्यांना शिड्या, असा त्यांचा धंदा. आमची भेट कधी झाली नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या रानात बांबू लावायचं मनात घेतलं. आधी वीसेक कंद लावून पाहिले आणि पहिला कोंब वर आला तसा त्याचा फोटो मला पाठवून विचारलं, हा नक्की कुठला? मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. कोंबावरून बांबूची जात सांगणारी बाई म्हणून लोक माझा नंबर एकमेकांना देतात आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. दोन मिनिटांत मी उत्तर धाडलं होतं, 'माणगा. डोळे झाकून लावा.'

त्यांनी लावला. आता तो फुलला होता. डाळिंबाच्या मुलखात फूल म्हणजे बहार आणि बहार म्हणजे आनंद. बांबूचं तसं नसतं. माणगा फुलला तर एखाददुसरं बेट (एका कंदापासून वाढलेला झुबका) जातं, बाकीची बहुधा सावरतात. पण मानवेल नावाची जात जन्मात एकदाच फुलते आणि फुलली की मरते. दोघांत गल्लत होणं सोपं. मी जुना फोटो पुन्हा उघडून पाहिला. स्टीलच्या ताटात एक लख्ख कोंब, टोक मोडून, घासून धुतलेला. कोंबाची ओळख पटते ती त्याच्या खोळीवरच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणावरच्या, लवेवरून. या कोंबावर लव नव्हतीच. ती मुळातच नाही की धुतली गेली, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. भिंग पिशवीत टाकून मी सकाळची एसटी धरली.

कोल्हापूर सोडलं तेव्हा पाऊस ओतत होता. फलटणला गाडी बदलताना छत्री आधीच्या गाडीत राहिली. बारामतीच्या स्टँडवर उतरले तर सगळीकडे ऊन आणि धूळ, वरून ढग मात्र घाईघाईने पूर्वेला निघालेले. चहा पिताना मी छत्रीची हळहळ केली तेव्हा चहावाला म्हणाला, "बरं झालं की बाई. हितं वझं कुठं वागवत बसला असता?"

इंदापूरच्या गाडीत शेजारी भवानीनगरचे एक तात्या बसले. मांडीवर वांग्यांची पिशवी. कुठं निघालात, काय करता, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, "कोंब ओळखते."

"उसाचं?"

"बांबूचे. लोक फोटो पाठवतात, मी जात सांगते."

तात्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "फोटूवरनं? आन् हातात न्हाय घेत?"

"नाही."

"आमी तर बेणं हातात घेऊन, डोळा बघून मग लावतो," ते म्हणाले आणि भवानीनगरला उतरून गेले. साखर कारखान्याचा हंगाम अजून लांब होता, धुराडं गप्प होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले. तात्यांचा मला राग आला होता, कारण ते खरं बोलले होते.

इंदापूरच्या स्टँडवर रशीदभाई स्कूटर घेऊन उभे होते. पांढरी दाढी, पांढरा सदरा आणि चेहऱ्यावर ईद. बावड्यापर्यंत ते सारखे मागं मान वळवून बोलत होते. मुलगा आसिफ लोणी देवकरच्या एका कंपनीत. पाळ्यांची नोकरी, म्हणून तिकडंच खोली घेऊन राहतो, घरी येतो तो सुट्टीपुरता.

"लई वरसं मागं लागलोय, घरी ये म्हनून. माझी कंबर गेली बाई, मोळ्या उचलवत न्हायत. त्यो म्हनायचा, अब्बा, घरचा बांबू निघू द्या, मग येतो. आता बहारच धरला म्हनल्यावर तयार झालाय. सोमवारी राजीनामा देनार. आज जेवायला येतोय, तुमास्नी भेटायला."

सोमवार परवावर आला होता.

घराला लागून एक नवी खोली उभी होती, अजून रंगाचा वास येणारी. आसिफसाठी. रशीदभाईंच्या पत्नी मुमताजभाभी मला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि फडताळातून एक वाडगा काढला. त्यात गव्हासारखे बारीक दाणे होते. "रोज सकाळी बेटाखाली झाडून गोळा करते. बरकत हाय बघा."

बांबूचं बी. हातावर घेतलं आणि तसंच परत वाडग्यात ओतलं. म्हटलं, "आधी रान बघू. जेवण नंतर."

रान कालव्याच्या फाट्याला लागून. चारेकशे बेटं, सरळ ओळीत, देखणी. आणि एकूणएक शेंड्यांवर तो तपकिरी फुलोरा. पानं झडत चालली होती. रशीदभाई कौतुकानं म्हणाले, "शेजारी बहार धरायला पानी तोडत्यात, औषधं मारत्यात. हितं न मागता, समद्यांनी एका टायमाला धरला."

"यंदा कोंब किती आले?"

"कोंब कमी हायत. सगळी ताकद फुलाला गेली असंल."

अख्ख्या रानात हिंडून पाच-सहा कोंब दिसले, करंगळीएवढे. मी एकापाशी गुडघे टेकले, माती बाजूला केली आणि खोळीवर बोट फिरवलं. भिंग पिशवीतून काढावंच लागलं नाही. सोनेरी, ताठ लव बोटात शिरली, कुसळासारखी. माणग्याची लव अशी टोचत नाही. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. पुढचे मी केवळ उठायचं टाळण्यासाठी पाहत होते.

"रशीदभाई, हा माणगा नाही. मानवेल आहे."

"असू द्या की. बांबूच हाय न्हवं?"

मग मी सांगितलं. फुलला की मरतो, तेही सांगितलं. ते ऐकत होते, पण हसू अजून चेहऱ्यावरच होतं, उतरायला त्याला वेळ लागला.

"आवो, पन ही तर लेकरं हायत. चार-पाच वरसाची."

"कंद कुठून आणले होते?"

"भोरकडच्या डोंगरातनं. लई जुनं बेट हुतं."

"त्या बेटाचं वय यांना लागतं. ते तिकडे फुललं असणार, म्हणून ही इकडे फुलली."

"म्हंजे आमी म्हातारा बांबू लावला," ते म्हणाले. मग एका काठीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, पुन्यांदा बघा. तवा बघितलं तसं बघा."

मला रडू आलं. मी सांगितलं की पुन्हा बघून काही होणार नाही, उभ्या काठ्या वाळण्याआधी तोडून विकून टाका. बी पेरता येईल, पण त्याची काठी व्हायला कितीतरी वर्षं जातील. काठीच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला मी काठ्या विकायला शिकवत होते. ते फक्त म्हणाले, "आसिफ जेवंस्तवर बोलू नगा."

आसिफ आला तो कंदी पेढे घेऊनच. तिशीचा, हसरा, माझ्या पाया पडला. बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा, शेंगदाण्याची चटणी, आणि खास माझ्यासाठी कोंबाची भाजी, मीच पूर्वी कधीतरी लिहून पाठवलेल्या कृतीची. मी दोनदा मागून घेतली. घास गिळता गिळता मला वाटत होतं की हे जेवण संपूच नये. हात धुतल्यावर रशीदभाईंनीच मुलाला सगळं सांगितलं, चार वाक्यांत.

आसिफ माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता. "पर बाई, तुमी तर माणगा म्हनला हुता."

"चुकले मी. फोटोतला कोंब धुतलेला होता. लव दिसत नव्हती. मी विचारायला हवं होतं."

भाभी मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. "मीच धुतला हुता," त्या म्हणाल्या. "टोक मोडून, काथ्यानं घासून. एवढ्या शिकलेल्या बाईंना चिखलाचा कसा पाठवायचा, म्हनून."

"भाभी, चूक तुमची नाही. माझी आहे."

"न्हाय बाई. माझ्या हातानंच पुसलं ते."

मी परोपरीनं सांगितलं. न विचारता जात सांगणारी मी, डोळे झाकून लावा म्हणणारी मी. त्या मान हलवत राहिल्या. पाहुण्याला स्वच्छ वस्तू द्यावी एवढंच त्या बाईंना ठाऊक होतं आणि मी त्या चांगुलपणाला आयुष्यभराचा बोल लावून ठेवला होता.

त्या रात्री मला नव्या खोलीत झोपायला दिलं. सकाळी आसिफनंच स्टँडवर सोडलं. गाडी लागेपर्यंत तो उभा राहिला. "सोमवारी ड्युटीवर जातो," म्हणाला. "अब्बांला मधनंअधनं फोन करत जावा. तुमच्यावर राग न्हाय त्यांचा." राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. निघताना भाभींनी वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं माझ्या पिशवीत घातलं होतं. रानातले उरलेसुरले कोंब. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

कोल्हापुरात पोचले तेव्हा पाऊस तसाच ओतत होता. छत्रीवाचून भिजतच घरी आले. फोनवर अनोळखी लोकांचे तीन फोटो येऊन पडले होते. स्वच्छ कोंब, स्वच्छ ताटं, 'मॅडम, कुठली जात?' मला आजवर असे किती आले असतील आणि मी किती जणांना डोळे झाकून लावायला सांगितलं असेल, याचा विचार करवेना. मी अजून एकालाही उत्तर दिलेलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊन पुडकं सोडलं. पाच कोंब होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. टोकं शाबूत होती, बुडाला रानातली काळी माती तशीच होती आणि खोळीवरची सोनेरी लव जराही मोडलेली नव्हती. या खेपेला भाभींनी ते धुतले नव्हते.