वारलूभाऊची पारख

सिंदेवाहीच्या जंगलपट्टीत कोंबड्याची पारख करावी ती वारलूभाऊनेच, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून वारलूभाऊची छाती त्याच्या कोंबड्याहून जास्त फुगे. कोंबड्याचं नाव साहेब. कोंबडबाजारात त्याच्या पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून झुंजवायचं आणि जिंकला की हरलेला कोंबडा उलटा धरून गावभर मिरवायचं, एवढाच वारलूभाऊचा या जगातला पराक्रम. शेताचं नाव काढलं की मात्र कंबर दुखायची.

घरात दीड वर्षाची नात होती, दिव्यानी. मुलगा पवन तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, सून मंगली पहाटेपासून जंगलात मोहफुलं वेचायची. म्हणून अंगणवाडीतून नातीचं उकडलेलं अंडं आणायचं काम आजोबांकडे आलं. आजोबा ते रोज आणत, प्रेमाने सोलत आणि साहेबाला भरवत. पोरीला भाताची पेज. मंगलीने विचारलं की बेधडक सांगत, खाल्लं पोरीनं.

अंगणवाडीच्या स्वातीबाईने दिव्यानीला फळीवर निजवून मोजलं, तर लांबी वयाच्या मानाने फारच कमी भरली. दोन वर्षांच्या आत सकस खाल्लं तरच भरून निघेल, पुढे कठीण आहे, असं तिने बजावलं. त्यावर वारलूभाऊने तंबाखू मळत सांगितलं, की आमचं खानदानच बुटकं. खानदान म्हणे! साहेबाच्या बापाची नि आज्याची उंची याला तोंडपाठ, पण स्वतःचा पवन दारातून वाकून जातो हे कधी दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एके दिवशी गावातला लच्छू आपला कोंबडा घेऊन आला. काय चारलं म्हणजे हा अजून उंच होईल, असं विचारू लागला. वारलूभाऊ तेव्हा साहेबाला अंडं भरवत बसला होता. त्याच वेळी टोपली घेऊन मंगली अंगणात शिरली आणि अंडं पाहून जागीच थांबली. वारलूभाऊला तिचं भान नव्हतं. त्याने ऐटीत लच्छूच्या कोंबड्याच्या पायाची नळी चिमटीत दाबून पाहिली.

"पिल्लू होता तवा याले उपाशी ठेवलं तू," तो म्हणाला. "आता तूप पाज, चरबी चढन. नळी नाई वाढत."

मंगलीने टोपली खाली ठेवली. दिव्यानीला उचलून सासऱ्यापुढे उभं केलं.

"मामाजी, हिची पन नळी पाहा."

वारलूभाऊची बोटं सवयीने पोरीच्या पायावर गेली आणि तिथेच अडकली. पारखी माणूस, कळायचं ते कळलं. पण असल्यांना लाज जरा उशिराच येते.

"पोरीच्या जातीले कोनती झुंज खेळाची हाय?" तो पुटपुटला.

मंगलीने पोरीला कडेवर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती जंगलात गेली नाही. वारलूभाऊ नदीवरून आंघोळ करून आला, तर खुराडं उघडं आणि चुलीवर रस्सा शिजलेला. तोंडाला येतील त्या शिव्या देत तो ओसरीवर चढला. तिथे दिव्यानी दोन्ही हातांनी टांग धरून चोखत होती. नळी चांगली जाड, सरळ, पोरीच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी. तिच्याच अंड्यांवर पोसलेल्या साहेबाची. शिव्या तिथेच थांबल्या.

मंगलीने त्याच्यापुढे वाडगा सरकवला. त्यात भाताची पेज होती.