लालीचा पंखा

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेसुद्धा नाही. मोरगावच्या गणपतीसमोर कितीदा उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले — तिथेही ही गोष्ट तेवढी बाजूला ठेवली. देवाला माहीत असणारच, मग आपण कशाला विषय काढायचा? असला माणूस मी. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

निमगाव केतकीला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली, बोअरची जळाली, की लोक ती माझ्याकडे आणून टाकतात आणि मी तारा नव्याने भरून देतो. कूलर, मिक्सर, पिठाची गिरणी, जे फिरतं ते सगळं माझ्याकडे. ‘दिलीपकडं टाका, तो करतोच’ हे ऐकून ऐकून मला थोडी मस्ती चढली होती. थोडी कसली, चांगलीच.

तात्या शेळगावचे, डाळिंबवाले. माझ्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर मी नुसता ओट्यावर बसून राहायचो, तेव्हा ह्या माणसाने मला हाताला धरून गाळा बघायला नेलं होतं. दुकानाचं शटर पहिल्यांदा वर केलं ते त्यांनीच. मी त्यांच्यावर वडिलांइतकाच जीव टाकतो — हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

साठी उलटल्यावर तात्यांनी काय करावं? पुण्याच्या एका निवृत्त साहेबांकडून जुनी स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोनच सीटा, वर कापडी टप, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी खाली बसायचं, मग पाय आत घ्यायचे. गावाने मनसोक्त चेष्टा केली. हिच्यात डाळिंबाचं क्रेट कुठं ठेवणार, म्हणाले. तात्या म्हणाले, “क्रेटला टेम्पो हाय. ही मला आन् तुमच्या काकीला.” काकी लाजून आत पळाल्या, पण पुढच्या चतुर्थीला नवं लुगडं नेसून शेजारी बसल्याच. तेव्हापासून दर चतुर्थीला दोघं गाडीतून मोरगावला जायची. गाडीचं नाव लाली.

लालीत एसी नाही. हीटर आहे, आणि त्याचा पंखा लावला की दगडावर पत्रा ओढावा तसा आवाज यायचा. एका दिवाळीनंतर तात्या गाडी घेऊन दुकानापुढे उभे राहिले. “दिल्या, ह्यो पंखा लावला की काकी काय बोलती ते ऐकूच येत न्हाय बघ.” मी म्हटलं, तात्या, लोक असा पंखा मुद्दाम बसवून घेतील. ते हसले नाहीत. त्यांना खरंच ऐकायचं असायचं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतोय आणि लुगड्याच्या गोष्टी सांगतोय.

तो पंखा डॅशबोर्डच्या पार पोटात होता. सीटवर पाय वर करून, डोकं खाली घालून, दोन तास मी उलटा पडलो होतो. चार स्क्रूंपैकी तीन निघाले, चौथा काही केल्या हलेना. हात आत जाईना. मानेला कळ लागली. बाहेर दोन जण मोटरी घेऊन खोळंबलेले, आणि समोरच्या टपरीवर तात्या चहा पीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते — “आमच्या दिल्यानं मोटर हातात घेतली म्हंजी झालंच.”

काय करायला हवं होतं? बाहेर येऊन म्हणायचं, तात्या, आज जमत नाही, दोन दिवस गाडी राहू द्या. एवढंच. एवढंही तोंडातून निघालं नाही. मी पंख्याची पिन सॉकेटमधून ओढून काढली, वायर मागे दडपली, तीन स्क्रू होते तसे लावले आणि म्हणालो, झालं.

तात्यांनी बटण दाबलं. कान लावला. “आरं तिच्या! आवाजच न्हाय की!” असं म्हणून त्यांनी टपरीवरच्या सगळ्यांना बोलावून तो न येणारा आवाज ऐकवला. चालत्या गाडीत जाळीतून बाहेरची हवा आत येतेच, त्यामुळे पंखा फिरत नाही हे त्यांच्या ध्यानात येणार नव्हतं. तेवढा हिशोब मी उलटा पडल्या पडल्या केला होता.

आपल्या भागात हीटर लागतो कुणाला, पंख्याला दुसरं काम असतं हे मला ठाऊक नव्हतं — असं मी इथे लिहिणार होतो. ते खोटं आहे. तात्यांनी गाडी देतानाच सांगितलं होतं की थंडीत काच आतून धुरकटते, ती ह्याच पंख्याने निवळते. मी ऐकलं होतं.

पौषातली चतुर्थी. सकाळी दोघं मोरगावला निघाली. कालव्याच्या कडेने दाट धुकं, पुढे उसाची ट्रॉली, म्हणून गाडी अगदी हळू. टप बंद, काचा बंद, आत दोन माणसांचा श्वास. हळू गाडीत बाहेरची हवाही येत नाही. काच पांढरी होत गेली. तात्यांनी पंखा लावला. आवाज नाही, म्हणजे छान चालू आहे. तरी समोरचं दिसेना. मग त्या माणसाने काय समजावं? काच तर पंखा साफ करतोय — मग धुरकटलंय ते आपल्या डोळ्यांत.

ट्रॉली थांबलेली त्यांना उशिरा दिसली. त्यांनी गाडी डावीकडे घातली आणि लाली रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत कलंडली. काकींच्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. सहा टाके पडले.

फोन आल्यावर मी ट्रॅक्टर घेऊन पोचलो. तात्या बांधावर काकींचा हात मांडीवर घेऊन बसले होते आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते — “मला दिसलंच न्हाय गं. मला दिसलंच न्हाय.” मी गाडीत वाकून बघितलं. पंख्याचं बटण चालूवर होतं. काचेच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं.

मी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. बटण बंद केलं. मग साखळी बांधली.

ही खरी गोष्ट. पिन काढली ती मस्ती होती, आळस होता, काय म्हणाल ते. काच पुसली ते वेगळं. ते मी पुरतं समजून केलं.

गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच आली. चौथा स्क्रू तेव्हा कसा निघाला विचारू नका — डॅशबोर्डची एक बाजू सोडवली, अर्ध्या दिवसाचं काम. पंख्याच्या पात्यांत उसाच्या पाचटाचा तुकडा आणि कडुनिंबाच्या काड्या अडकल्या होत्या, दांडा ज्यात फिरतो ती बुश कोरडी पडली होती. कचरा काढला, दोन थेंब तेल सोडलं, पिन जोडली. पंखा मऊ फिरायला लागला. आता तपासलं असतं तरी कुणाला काही सापडलं नसतं.

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, घाई नाही. तात्यांनी त्यातलं ‘मोतीबिंदू’ तेवढं ऐकलं. पुढे ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता खुशाल गाडी चालवा. तात्यांनी मान हलवली. ते लालीच्या उजव्या सीटवर पुन्हा बसले नाहीत. एवढंच असतं तरी — पण नाही. डाळिंबाचा रंग बघून कुठल्या झाडाची तोड आज आणि कुठल्याची चार दिवसांनी, हे तालुक्यात त्यांच्यासारखं कुणाला कळत नव्हतं. आता ते फळ हातात घेतात, फिरवतात, आणि मुलाकडे देतात. “तू बघ बाबा. माझा भरवसा न्हाय.”

आणि अजून एक सांगायचं राहिलं. आता चतुर्थीला लाली मी चालवतो. तात्या शेजारी, काकी मागून मुलाच्या गाडीत. तात्या वाटेत मला माझ्या वडिलांच्या गोष्टी सांगतात, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मोरगावला भेळ खातो, परत येतो. सहा वर्षं झाली. माझ्या आयुष्यातले हे सगळ्यात चांगले दिवस आहेत. हे मला काकींची सीट गेली म्हणून मिळालं, आणि मला ते सोडवत नाही.

परवा तात्यांनी मला बारामतीला आरटीओत नेलं. लाली माझ्या नावावर करायची म्हणाले. मी नको म्हटलं, एकदाच आणि हळू. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, आजोबा, इतकी देखणी गाडी देऊन का टाकताय? तात्या म्हणाले, “मला दिसत न्हाय, सायेब. आन् हिला ह्यानं जपलंय.”

मग त्यांनी फॉर्मवर सही केली. चष्मा न लावता, बारीक अक्षरांत, बरोबर ओळीवर. आणि तिच्या खाली मी माझी केली.