आईकडची दाढ

माझ्या तोंडात आता मोजकेच दात उरले आहेत आणि नातवंडांना त्याची भारी मौज वाटते. चणे आहेत पण दात नाहीत, असं मला ऐकवून माझ्यासमोर बसून कुडूमकुडूम चणे खातात. खाईनात बापडी. वरच्या उजव्या बाजूला, सुळ्याच्या मागे, एक दाढ अजून ठाण मांडून बसली आहे. तिच्यासाठी कल्याणात आमच्या घरी केवढं रामायण झालं होतं, ते त्यांना कुठून माहीत असणार? तिच्यासाठी म्हणजे खरं तर तिच्या आधी त्या जागेवर होती त्या दाढेसाठी. ती दुधाची होती आणि पार किडलेली होती.

माझं लग्न आठव्या वर्षी झालं. प्लेग यायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. माहेर शहाडचं, उल्हास नदीच्या काठावरचं. वडिलांची थोडी भातशेती आणि थोडी भिक्षुकी. सासर कल्याणात. सकाळी निघालेली बैलगाडी न्याहारीच्या वेळेला पोचावी एवढंच अंतर, पण आठ वर्षांच्या पोरीला ते काशीइतकं लांब वाटे. 'हे' मुंबईला चुलत्यांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते, त्यामुळे माझ्या लेखी सासर म्हणजे तीन माणसं होती. मामंजी, म्हणजे माझे सासरे. ठाण्याच्या कचेरीत कारकून, घरात बोलले तर बोलले. सासूबाई, तेव्हा जेमतेम पस्तिशीच्या, पायात भिंगरी असल्यासारख्या घरभर फिरणाऱ्या. आणि मामंजींच्या थोरल्या विधवा बहीण, आत्याबाई, कडक सोवळ्यातल्या. चुलीवरची सत्ता सासूबाईंची, पण घरावरची आत्याबाईंची.

माहेरी गुळाची ढेप फुटली की तिचा कोपरा माझा ठरलेला. त्या कोपऱ्यांनीच घात केला. सासरी आल्यावर वर्षभरात दाढेत एवढं भोक पडलं की भाताचं शीत आत जाऊन बसायचं आणि ठणका डोळ्यापर्यंत चढायचा. पण बोलायची सोय नव्हती. पाठवणीच्या वेळी आईने कानात सांगितलं होतं, "सासरी दुखलंखुपलं बोलून दाखवायचं नाही हो." मी ते अक्षरशः पाळलं. डाव्या बाजूने चावत होते, गार पाणी तोंडात धरत होते आणि देवापुढे दिवा लावताना दाढेसाठीही हात जोडत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या वयात खाल्ला.

न बोलण्याचं दुसरंही एक कारण होतं, आणि ते आईने सांगितलेलं नव्हतं. आमच्या शहाडच्या घरी माझी एक मावशी राहत असे. तिला नवऱ्याकडच्यांनी लग्नानंतर दोनतीन वर्षांत परत पाठवली होती. कारण काय, तर तिच्या पायावर पांढरा डाग निघाला. ती आमच्याकडे दळण दळायची, भांडी घासायची आणि कुणी पाहुणे आले की मागच्या पडवीत जाऊन बसायची. तिला कोणी वाईट वागवत नव्हतं, पण तिचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणत. अंगावर काही खोट निघाली की पोरीला टाकतात, एवढं मी मावशीकडे बघून शिकले होते. आता माझ्या तोंडात खोट निघाली होती.

एका सकाळी उठले तो गाल हा एवढा सुजलेला. लपवणार कशी? सासूबाईंनी मला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं आणि बघून नुसत्या "अगं आई गं" म्हणाल्या. आत्याबाई लांबूनच डोकावल्या.

"दुधाची दाढ ती," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या पडायचीच. न्हाव्याला बोलाव, ओढून काढील. नाहीतर दे पाठवून माहेरी. किडका माल त्यांनीच दिलाय, त्यांनीच निस्तरावा."

पाठवून माहेरी! माझ्या पायांखालची जमीनच सरकली. डोळ्यांपुढे मागची पडवी आणि तिथे मावशीशेजारी बसलेली मी. दाढ गेली की आपणही गेलो, अशी माझ्या मनाने त्या क्षणी गाठ मारली आणि ती काही केल्या सुटेना.

तेवढ्यात सासूबाई आत्याबाईंकडे वळल्या. त्यांना वर तोंड करून बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"वन्सं, न्हावी नको. मी अशीच नऊ वर्षांची होते. याच माजघरात मला बसवून न्हाव्याने दोन्ही बाजूंच्या दाढा ओढल्या. हात धरायला दोघीजणी होत्या. त्यातल्या एक तुम्ही होतात."

आत्याबाई जपमाळ घेऊन आत गेल्या.

मामंजींनी मग तोंड उघडलं. मुंबईचा एक पारशी दातांचा डॉक्टर आठवड्यातून एक दिवस ठाण्याला येई. तळ्याजवळच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात त्याची खुर्ची असे. गोऱ्या अंमलदारांचे आणि त्यांच्या मडमांचे दात हाच त्याचा मुख्य धंदा, पण कचेरीतल्या एका वरिष्ठाची दाढ त्याने न काढता बरी केली होती. हे आतल्या खोलीत पोचायला वेळ लागला नाही.

"मडमांच्या तोंडात घातलेलं उष्टं हत्यार आपल्या सुनेच्या तोंडात?" आत्याबाई तिथूनच कडाडल्या. "मग उद्यापासून या घरात पाणी कोणाच्या हातचं प्यायचं?"

पण सासूबाईंनी मार्ग काढला, आणि तो त्यांनाच सुचावा असा होता. त्यांचा लहानपणचा चांदीचा वाळा पेटीत मोडून पडला होता. मामंजींनी त्या वरिष्ठाकडून विचारून आणलेला डॉक्टरांच्या हत्याराचा आकार त्यांनी पाटीवर काढून घेतला आणि सोनाराकडून त्या वाळ्याचं एक कोरणं करून आणलं. लांब दांडा, पुढे आकडी, वर नक्षीसुद्धा. नाकापेक्षा मोती जड म्हणावं, तसं किडक्या दुधाच्या दाढेला चांदीचं हत्यार! सुनेच्या तोंडात तिचं स्वतःचं कोरणं जाणार म्हटल्यावर आत्याबाईंना बोलायला जागा उरली नाही.

सकाळच्या गाडीने आम्ही ठाण्याला गेलो. मामंजींनी आम्हाला डॉक्टरांच्या ओटीवर पोचवलं, दोन शब्द बोलले आणि कचेरीत निघून गेले. आता झाली पंचाईत. परपुरुषाशी सासूबाई बोलणार कशा? आमच्यात अशा वेळी मुलाला मध्ये घालून बोलत. म्हणजे मुलाला सांगायचं, "विचार त्यांना अमुकतमुक," आणि समोरच्याने ते ऐकून उत्तर द्यायचं. सासूबाईंनी तेच सुरू केलं.

"मुली, विचार डॉक्टरांना, फार दुखेल का?"

मी कशी विचारणार? माझ्या तोंडात डॉक्टरांची दोन बोटं आणि कापसाचा बोळा होता. मी "आँ आँ" केलं. डॉक्टर मिशीतल्या मिशीत हसले.

"पोरीला बोलायला सांगते, आन मी तिला तोंड उघडं ठेवायला सांगतो. बाई, दोघांपैकी एकाचंच ऐकेल ती," ते म्हणाले.

सासूबाईंनी पदराआडून चांदीचं कोरणं पुढे केलं. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून बघितलं. त्यांना राग आला नाही, हे मला आजही आठवतं. "बहु सुंदर हाय. पन चांदी नरम. दाढ हिला वाकवून टाकेल," असं म्हणून त्यांनी ते स्वच्छ फडक्यावर जपून ठेवलं आणि आपली पोलादी हत्यारं स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत एकेक करून धरली. सासूबाईंनी ती निळी ज्योत बघितली. अग्नीतून निघालेल्याला विटाळ नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं असणार, कारण त्यांनी मला मान खुर्चीला टेकवायची खूण केली.

मग मात्र सासूबाईंना राहवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझं तोंड तसंच उघडं. त्या उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि डॉक्टरांकडे न बघता पण डॉक्टरांनाच विचारलं, "ओढून काढली तर काय होतं? दुधाचीच तर आहे."

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. "बाई, ही दाढ खालून येणाऱ्या दाढेची जागा धरून बसली हाय. हिला आत्ता काढली की बाजूचे दात सरकतात आन जागा खाऊन टाकतात. मग सुळा यायला निघतो, त्याला जागाच न्हाय. तो बिचारा वर हिरडीवर चढून येतो, वाकडा. लोक म्हणतात नशीब. नशीब कसलं, घाई केलेली असते."

सासूबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. त्या हसताना नेहमी तोंडावर पदर धरत. मला वाटायचं, घरंदाज बायकांची ही रीतच असेल. त्या दिवशी मी खुर्चीत आडवी पडले होते, त्यामुळे खालून मला पदराआडचं दिसलं. त्यांचे दोन्ही सुळे हिरडीवर चढून बाहेर आले होते. एवढी वर्षं त्या ते आपल्या कपाळावर लिहिलेलं म्हणून झाकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यांची फार, फार माया आली. आईशिवाय कोणाची तशी माया मला तोवर आली नव्हती.

"मग राखा," त्या म्हणाल्या. "काहीही करा, पण ही राखा."

पहिल्या खेपेला डॉक्टरांनी हिरडीवरचा फोड फोडला, शिंप्याच्या मशिनीसारखं पायाने चालवायचं यंत्र फिरवून कीड कोरून काढली आणि लवंगेच्या तेलाचा बोळा आत घातला. मी बोंब मारली, नाही कशाला म्हणू? पण सासूबाईंनी माझे हात धरले नाहीत. त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला आणि "दाब तुला हवा तेवढा" म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला सूज पार उतरली होती. डॉक्टरांनी रबरासारखी एक गुलाबी गोळी दिव्यावर मऊ केली, दाढेत भरली आणि मग फडक्यावरून चांदीचं कोरणं उचललं. पाण्यात बुडवून त्याच्या पाठीने त्यांनी ती गोळी आत दाबून बसवली. "हे काम चांदीचंच," ते म्हणाले. खरंच होतं की सासूबाईंसाठी म्हणाले, देव जाणे.

बाहेर पडल्यावर तळ्याकाठी बसून आम्ही मामंजींची वाट बघत होतो आणि मला एकदम रडू कोसळलं.

"आता काय गं? दुखतंय?"

"नाही. दाढ राहिली ना? मग आता मला परत पाठवणार नाही ना?"

सासूबाईंना आधी कळेचना. मग मी मावशीचं सांगितलं, मागच्या पडवीचं सांगितलं, सगळं हुंदक्यांसकट सांगितलं. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं.

"दाताला कीड लागली म्हणून कोणी पोर टाकतं का, वेडे?" असं म्हणाल्या आणि मग त्यांनाच ते पटलं नसावं. "टाकतात म्हणा. लोक कशावरूनही टाकतात. पण मी आहे तोवर तुला त्या घरातून कोणी हलवणार नाही. मग तोंडात दात असोत नाहीतर नसोत."

घरी आत्याबाईंनी विचारलंच, "चांदीचंच लावलं ना?" सासूबाई सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "दाढेला शेवटचा हात चांदीचाच लागला, वन्सं." आत्याबाईंनी तरीही मला तुळशीचं पाणी पाजलं. पण त्या रात्रीपासून माझ्या ताटातला भात त्यांच्या सांगण्यावरून मऊ शिजू लागला, हेही लिहायला हवं.

गुलाबी गोळीसकट ती दाढ पुढे दोन वर्षं टिकली. मग एका सकाळी पेरू खाताना हातात आली. न दुखता, न रक्त येता. मी ती मुठीत घेऊन सासूबाईंकडे धावले. त्यांनी ती धुतली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "जा, उद्या शहाडला जाऊन ये."

माहेरचं नाव निघालं की पोरी उड्या मारतात. माझा मात्र चेहरा पडला असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "अगं, तशी नव्हे. ही दाढ तुझ्या आईकडची आहे, तिच्या दुधावरची. आपण नुसती सांभाळली. तिची तिला नेऊन दे, तिच्या हाताने कौलांवर टाकू दे. आणि दोन दिवसांत परत ये. आता येईल ती आपल्या घरच्या भातावरची. ती बघायला तू मला इथे हवीस."

आईने दाढ हातात घेतली, त्यातली गुलाबी गोळी बघून नवल केलं, सगळं ऐकलं आणि डोळे पुसले. मग उंदराला हाक मारून ती कौलांवर भिरकावली. मावशी पडवीतून बघत होती. मी निघताना तिने मला जवळ घेतलं.

नवी दाढ पावसाळ्यात वर आली, सरळ, आपल्या जागी. सुळाही तिच्या पुढे रांगेत उभा राहिला. सासूबाई रोज सकाळी मला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावत. दाढ पुरती आली त्या दिवशी त्यांनी आपलं बोट माझ्या तोंडात घातलं.

"चाव."

मी हळूच चावले.

"जोरात चाव गं! सासूचं बोट मिळालंय, अशी संधी परत यायची नाही."

मी कचकन चावले. त्या ओरडल्या आणि मग हसू लागल्या. ओल काढायला उन्हात घातलेल्या पापडांपाशी, भर अंगणात, आत्याबाईंच्या देखत, दोन्ही वाकडे सुळे दाखवत त्या पोट धरून हसल्या. पदर खांद्यावरच राहिला.