आधी दाजींचं रक्त

अख्ख्या जालना जिल्ह्यात माझ्या दाजींइतका संतापी माणूस झाला नसेल, आणि इतक्या बारीक गोष्टीवर संतापणारा तर नक्कीच नाही. लोक भावकीवर चिडतात, बांधावरून चिडतात. दाजी बोटभर बाटलीतल्या औषधावर चिडायचे. अंबडला त्यांची रक्त तपासायची लॅब होती. रक्त किती वेळात गोठतं हे बघायचं तर त्यात एक औषध टाकावं लागतं. ते औषध उष्णतेनं उतरलं की चांगलं रक्तही उशिरा गोठतं आणि रिपोर्ट खोटा येतो. त्यात प्रत्येक खेपेची बाटली थोडी निराळीच वागायची. दाजी तिला 'ही बया' म्हणत. "काल एक सांगितलं, आज दुसरंच सांगून राह्यली. हिच्या भरवशावर माणसाचा जीव ठेवायचा का?"

तो जीव माझ्या आक्काचा होता, म्हणजे त्यांच्याच बायकोचा. तिच्या हृदयात नकली झडप बसवलेली. रक्त पातळ ठेवायची गोळी तिला जन्माची लागलेली. कमी पडली तर झडपेवर गाठ धरणार, जास्त झाली तर रक्त थांबणार नाही. किती द्यायची ते औरंगाबादचे डॉक्टर दाजींच्या रिपोर्टवरून ठरवत, आणि रिपोर्ट त्या बयेच्या लहरीवर.

म्हणून दाजी रोज सकाळी लॅब उघडली की पेशंटला हात लावण्याआधी स्वतःचं रक्त काढत आणि बाटली त्याच्यावर ताडून बघत. निरोगी माणसाचं रक्त ठरल्या वेळात गोठलं तर बाटली खरी, नाहीतर ती गटारात आणि पेशंट घरी. दंडावर टोचल्याच्या खुणा अशा की माझ्या सासूबाईंना वाटलं, माणूस नशापाणी करतो. मी हे दाजींच्या कानावर घातलं तर म्हणाले, "त्यांचं बी काढू का? अजून एक निरोगी रक्त लागूनच राह्यलं मला." लॅबच्या फ्रिजात आक्काला दह्याची वाटी ठेवायची बंदी होती. लाइट गेली की ते फ्रिजला पाठ लावून खुर्ची टाकून बसत, कुणी दार उघडू नये म्हणून. धोंड्याच्या महिन्यात आईनं जावई म्हणून बोलावलं, तुपातले अनारसे वाढले, तर हा माणूस सुकी भाकरी मागून बसला. तूप खाल्लं की रक्त दुधासारखं दिसतं, मग उद्या बाटली कशावर ताडू, हे त्यांचं उत्तर. आई पदराला डोळे पुसत आत गेली. मी पंगतीतच त्यांना चार शब्द सुनावले. अजूनही आठवलं की राग येतो.

एका उन्हाळ्यात मात्र हद्द झाली. लागोपाठ येईल ती बाटली खराब. जालन्याचा एजंट थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून औषध एस.टी.त द्यायचा, ड्रायव्हर अंबडच्या स्टँडवर दाजींच्या हातात ठेवायचा. दाजींनी फोनवर एजंटला चोर ठरवलं, मग त्याच्या बापाला. तो बिचारा एकच सांगे, बर्फ बराबर भरून देल्ता. इकडे आक्काची तपासणी लांबत चालली. तिला दम लागत होता, वैशाखात औरंगाबादपर्यंत नेण्यासारखी तिची तब्येत नव्हती, आणि रिपोर्टशिवाय गोळी कमी-जास्त करायला डॉक्टर तयार नव्हते. मी घनसावंगीहून मुक्कामालाच आले होते. कामं वाटून घ्यायची मला सवय. पण वाटण्यासारखं काही नव्हतंच. सगळं त्या डब्यावर अडलेलं.

त्या दिवशी मी जालन्याहून आक्काची फळं घेऊन परतत होते. ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर जागा मिळाली. बघते तर त्याच्या शेजारी, इंजिनाच्या तापलेल्या बोनेटवर, भाकरीचा डबा गरम राहायला ठेवलेला, आणि त्याला खेटून दाजींचा थर्माकोलचा डबा. मी ओरडून तो उचलेपर्यंत अंबडचा स्टँड आला होता. दाजी चढले, डब्याच्या बुडाला हात लावला आणि ड्रायव्हरकडे असे बघायला लागले की मी मध्ये उभी राहिले.

ड्रायव्हर मोठ्या अभिमानानं म्हणाला, "बाईचं औषध म्हणून म्या कवाच मागं टाकू देलं न्हाई, सायेब. टपावर तर बिलकुल न्हाई. आदी तुमचा डबा, मंग माझी भाकर."

दाजी एकदम कडाडले, "एवढी माया करायला कोनी सांगितलं तुला? तिला मारशील तू मायेनं." ड्रायव्हरचा चेहरा उतरला. बाहेर खिडकीला त्याच्या पाण्याची कापडी छागल लोंबत होती, ओलीगार. दाजींनी तिच्याकडे बोट केलं. "उद्यापासून डबा तिथं बांधायचा. वल्या पोत्यात. इंजिनापासून लांब."

"आन भाकर?"

"भाकर ठेव की बोनेटवर. भाकरीला काय रोग हाय?"

दुसऱ्या दिवशी डबा छागलीशेजारी लटकत आला. दाजींनी आधी स्वतःचं रक्त बघितलं. ठरल्या वेळात गोठलं. मग आक्काचं. तेही जवळपास तेवढ्यातच गोठलं. म्हणजे गोळी फारच कमी पडत होती. डॉक्टरांनी फोनवरच वाढवून दिली. दाजी बाकावर बसले, आणि बयेला त्या दिवशी पहिल्यांदा शिवी दिली नाही. नंतर जालन्याला जाऊन एजंटची माफीही मागून आले, इतक्या मोठ्या आवाजात की शेजारच्या दुकानांना भांडण वाटलं.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आक्का आहे. तिची तपासणी मशिनवर होते, औषध थंड गाडीतून येतं, रिपोर्ट छापून मिळतो. दर वेळी मी तिला घेऊन जाते. पांढऱ्या कोटातला पोरगा सुई घेऊन आला की आक्का हात पदराखाली घेते आणि शांतपणे म्हणते, "आदी तुमचं काढा."

तो पोरगा हसतो. मला त्याचा भयंकर राग येतो.