वाळकाचं वय

मायनं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात, हे मला मुखेडला गेल्यावर कळलं. डोकं धरून बसली होती. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळी आजच चालू करा, नाहीतर झटका येईल. पण माय कुठली ऐकते! घरी येऊन तिनं उशाखालून एक चकचकीत डबी काढली. "त्या गोळ्यांनी पेशी म्हाताऱ्या व्हत्यात म्हणं. ह्यानं तरण्या व्हत्यात."

डबीवर मोठ्या अक्षरात एनएडी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लातूरला मी बारावीच्या पोरांना हेच तर शिकवते! एनएडी म्हणजे पेशीतला हमाल. भाकरीतली ताकद उचलायची, पुढं नेऊन टाकायची, रिकाम्या हातानं परत यायचं. धान्याच्या मोंढ्यातल्यासारखं दिवसभर तेच. वय वाढलं की हे हमाल कमी होतात, हे खरंय. पण डबीतलं काही गिळून म्हातारपण मागं फिरतं, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि रक्तदाबाची गोळी सोडा म्हणणाऱ्याला तर जोड्यानं हाणावं.

दुपारी तो डबीवाला आलाच. दारातूनच "जयभीम, मावशी!" झालं, आपला माणूस म्हणून मायनं खुर्ची पुढं केली. त्यानं मशीन मांडलं. हातात दांडी धरायची, की पडद्यावर पेशींचं वय. मायचं मागच्या वेळी नव्वद आलेलं. बाई अजून सत्तरीचीसुद्धा नाही!

"थांब," मी म्हणाले, आणि बाजारातनं आणलेल्या काकडीसारख्या वाळकात दांडी खुपसली. मशीननं वाळकाचं वय सांगितलं एकाहत्तर. ताकद कमी, दोन डब्या घ्या.

"मॅडम, मशीन जरा गरम झालंय..."

"मुडद्या, माझी माय मेली असती म्हणजे?" मी अशी ओरडले की गल्ली गोळा झाली. मशीन पिशवीत कोंबून तो पळाला.

मी रक्तदाबाची गोळी मायच्या हातावर आदळली. "बघितलंस? वाळूकसुद्धा म्हातारं निघालं! इतकी कशी गं खुळी तू?"

मायनं गोळी गिळली, वर तांब्याभर पाणी प्याली.

"मला काय कळत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "पर त्यानं हात धरून इचारलं, मावशी, लई थकता का? तू सकाळपासून नुसती वरडायलीस."