न तपासलेली पिशवी

अंधेरीच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं फाटकावर पहारेकरी होतो. कुंपणाच्या आत काय येतं आणि बाहेर काय जातं, एवढंच बघायचं. सुटी झाली की प्रत्येकाची पिशवी तपासायची, मग तो कितीही ओळखीचा असो. त्याचा कुणाला राग यायचा नाही.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. कारखान्यात कपात झाली आणि मॅनेजरसाहेबांना धमकीच्या निनावी चिठ्ठ्या येऊ लागल्या. मला फाटकावरून काढून त्यांच्यासोबत दिलं.

कारखाना जागचा हलत नाही. साहेब मात्र पार्ल्याच्या बाजारात भाजी घ्यायचे, हाक आली की थांबायचे. "उद्या दुसऱ्या रस्त्यानं जाऊ," म्हटलं की म्हणायचे, "मी काय चोर आहे?" माझी नजर कुठंच ठरेना. घरी जेवतानाही मी दाराकडे तोंड करून बसायला लागलो.

एका रविवारी सकाळी कपातीत गेलेला एक फिटर साहेबांच्या घरी आला. फाटकावर त्याची पिशवी मी शेकडो वेळा तपासली होती. आताही हात पुढे केला, तोच साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, घरी आलेल्याची झडती घेतात का?" त्यांनी त्याला चहा दिला. मी दाराशी उभा, डोळे त्या पिशवीवर.

त्यानं काम परत मागितलं. साहेब म्हणाले, "माझ्या हातात नाही."

तो उठला आणि पिशवीत हात घातला. मी झेप घेऊन त्याचं मनगट पिरगाळलं. त्याच्या हातातून लोखंड घासायची कानस खाली पडली, हातभर लांबीची.

"कंपनीची आहे. परत द्यायला आणली होती," तो कण्हत म्हणाला.

साहेबांनी कानस उचलली, त्याला खुर्चीत बसवलं, डॉक्टरला बोलावणं धाडलं. मनगटाचं हाड मोडलं होतं.

तो गेल्यावर साहेबांनी विचारलं, "मारणार होता का रे?"

"ठाऊक नाही, साहेब. मला परत फाटकावर पाठवा."

"आता तर नाहीच पाठवणार," ते म्हणाले.

वर्षभर मी त्यांच्यासोबत होतो. दुसऱ्या दिवसापासून ते मी सांगेन त्या रस्त्यानं यायला लागले. तो फिटर महिनाभरानं बाजारात दिसला, हात गळ्यात अडकवलेला. त्यानं मला नमस्कार केला. मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.